तुषारच्या पाइपाचं बूच

धूर थांबला तसं भगवानरावांनी स्टूल भिंतीशी ओढलं, वर चढले आणि पाइपाच्या तोंडावर बूच दाबून बसवलं. पाइप तुषार सिंचनाचा, बूचही त्याचंच. शेतात पाणी अडवणारं बूच घरात ऊब अडवतं, हे आपल्यालाच सुचलं म्हणून ते स्वतःवर भारी खूश होते.

आत त्यांची लेक पुष्पांजली होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. सातपुड्याकडचा वारा वरवट बकाल गावात असा शिरतो की गोधडीतही हुडहुडी भरते. म्हणून भगवानरावांनी पराटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, भुशाच्या कांड्यांवर चालणारी शेगडी आणली. दुकानदार धुराडं बसवून द्यायला तयार होता. पण भगवानराव दुसऱ्याच्या हातून काही करून घेतील तर शपथ! त्यांनी तेलाचा डबा कापून पत्र्याचं नळकांडं केलं, त्याला शेतातला पाइप जोडला नि भिंतीबाहेर काढला. खिडकीच्या फटीत चिंध्या आणि दाराशी गोधडी त्यांच्या बायकोने, आशाबाईंनी, कोंबली. बाळंतिणीला वारा लागता कामा नये.

"हे काय करून राह्यले, भगवानराव?" बाळाला न्हाऊ घालायला आलेल्या कौशल्याबाईंनी विचारलं.

"धूर सरला की बूच लावतो. रातीबी असंच केलं. निखाऱ्याची ऊब बाहेर काऊन जाऊ द्यायची?"

"लई डोकं चालते बा तुमचं!"

एवढंच ऐकायला भगवानराव स्टुलावर थांबले होते. मग ते उतरले.

कौशल्याबाई आत निघाल्या, तर आशाबाईंनी त्यांना ओसरीवरच बसवलं. "च्या घ्या पयले. पोरीचं डोकं लई दुखून राह्यलं होतं, उलटीबी झाली. आत्ता कुठं डोळा लागला तिचा."

"अन् लेकरू? या वक्ताले तर गल्ली डोक्यावर घेते ते."

"आज आवाज नाही त्याचा. ऊब भेटली न त्याले."

"नातू कोनाचा हाय!" म्हणत भगवानरावांनी बशीत चहा ओतला. तिघंही हसले. अंगणात कोवळं ऊन आलं होतं.

न्हाणीतलं पाणी निवायला लागलं तशा कौशल्याबाई उठल्या. दार गोधडीला अडलं, त्यांनी ते खांद्याने रेटलं. खोलीत धुराचा मागमूस नव्हता. नुसती दाट ऊब अंगावर आली.

"पुष्पा... ओ पुष्पा!" मग त्यांचा आवाज चिरकला. "भगवानराव, धावा! लेकरू लुळं पडलं!"

भगवानराव बाळाला उचलून अंगणात धावले. दोघी बायांनी पुष्पांजलीला ओढत उंबऱ्याबाहेर आणलं. कौशल्याबाईंनी बाळाच्या छातीला कान लावला, तळवे चोळले, पुन्हा कान लावला. मग त्या मटकन खाली बसल्या आणि त्यांनी पदर तोंडात कोंबला.

बाळाचे गाल नुकतं न्हाऊन आल्यासारखे लाल होते. भगवानरावांना ते बघवेना. आपण काय करून बसलो हे त्यांना कळलं होतं. भिंतीवर, पाइपाच्या तोंडाशी, बूच अजून होतं. थेंबही गळू नये असं घट्ट.

मोकळ्या वाऱ्यात पुष्पांजलीने डोळे उघडले. पडल्या पडल्या तिची नजर अंगणभर फिरली आणि वडिलांच्या हातांवर थांबली.

"बाबा," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "वाऱ्यात काऊन उभे राह्यले? थंडी लागन न त्याले."

भगवानरावांनी गळ्यातला दुपट्टा काढला, बाळाला नीट गुंडाळलं आणि ते वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले.