अडीच गल्ल्यांचे राष्ट्राध्यक्ष

"करा सही, दॉन इलारिओन." चिलीच्या कर्नलनं कागद पुढं सरकवला. दक्षिणेतला सोऱ्याच्या खाणींचा अख्खा प्रांत चिलीला कायमचा दिला, असं त्यावर लिहिलं होतं.

दॉन इलारिओन आर्रेसे पेरूचे राष्ट्राध्यक्ष होते, पण नावापुरतेच. पेरू लढाई हरला, चिलीच्या फौजेनं राजधानी लिमा घेतली. तहावर सही करायला कुणीतरी हवं, म्हणून या म्हाताऱ्या वकिलाला खुर्ची देऊ केली, आणि त्यांनी ती मुकाट्यानं घेतली. खुर्चीसुद्धा लिमात नाही, शेजारच्या माग्दालेना गावात. त्यांचा हुकूम चालायचा गावच्या कडेच्या पाण्याच्या पाटापर्यंत. लिमात लेकीला भेटायला जायचं, तरी कर्नलची चिठ्ठी लागे. त्यांची बायको फेर्मिना बाजारात गेली, की भाजीवाल्या तिला ऐकू जाईल असं बोलत, "आल्या गं, अडीच गल्ल्यांच्या राणीसाहेब!" मग ती घरी येऊन दोन-दोन दिवस नवऱ्याशी बोलत नसे.

दॉन इलारिओननी चष्मा पुसला. "ही सही तुम्ही युरोपच्या वकिलातींना दाखवणार ना?"

"अर्थात!"

"मग एक शंका आहे. माझा हुकूम कुठवर चालतो?"

कर्नल खो खो हसला. "अहो, पाटापलीकडचं गाढवसुद्धा तुम्हाला विचारत नाही!"

"तेच म्हणतो मी. पाटापलीकडचं गाढव ज्याला विचारत नाही, त्यानं चारशे कोसांवरचा प्रांत दिला, हे कोण खरं मानेल? माझ्या अडीच गल्ल्या आहेत, हव्या तर आत्ता लिहून देतो. प्रांतच हवा असेल, तर आधी तो माझ्या ताब्यात द्या. मग देण्याचं बघू."

दाराशी उभ्या असलेल्या चिलीच्याच कारकुनाला हसू आवरेना. त्यानं खोकल्याचं सोंग केलं.

"बोटीत घालून देशाबाहेर काढीन तुम्हाला!" कर्नल ओरडला.

"काढा की. हा बिनसहीचा कागदही माझ्यासोबत द्या."

दुपारीच शिपाई गाडी घेऊन आले. फेर्मिना घाईघाईनं बोचकं बांधत होती. गाठ काही केल्या बसेना.

"सही करायचीच नव्हती, तर त्या खुर्चीत बसलात कशाला?" ती रडत म्हणाली. "सहा महिने लोकांचं ऐकून घेतलं मी!"

दॉन इलारिओननी तिच्या हातातलं बोचकं घेतलं आणि गाठ मारली.

"मी बसलो नसतो, तर सही करणारा बसला असता."