झोपेतली दहा मिनिटं
निवृत्त घड्याळजींनी मनगटावरच्या पट्ट्याचं मर्म आठवड्यातच ओळखलं. एकदा वाट चुकले, म्हणून लेकीने तो बांधला होता. आतली चिप दर दहा मिनिटांनी जागी होई, दिवा लुकलुकवून त्यांचा ठावठिकाणा तिच्या फोनवर कळवी आणि पुन्हा झोपे. घराबाहेर दिसले की लेक कामावरून धावत येई. दिवा लुकलुकताच ते निघत: चार मिनिटं जायला, चार यायला, मध्ये शिंप्याच्या दुकानात बुद्धिबळाची एक खेळी. “शह,” शिंपी काल म्हणाला. “विचार घरी करा, इथे सवड कुठे तुम्हाला?” आज लेकीने नवा पट्टा बांधला. “बाबा, ही चिप मुंगीएवढी वीज खाते. आता दर मिनिटाला जागी होईल. जिवाला घोर नाही.” “जुनी निवांत झोपायची गं.” दिवा लुकलुकला. तीस सेकंदांत ते फाटकाशी पोचले आणि वळले. राजा शहातच राहिला.