भाऊजींचं पान
चातुर्मासात सरला दिवसातून एकदाच जेवायची, तेही मौनानं. जेवताना शब्द निघाला तर पानावरून उठायचं, हा नेम. म्युनिकच्या घरी लेस्टरहून धाकटे दीर आले होते. वरणभात कालवताना यजमानांनी विचारलं, "तू ब्रेक्झिटला मत दिलंस?" "दिलं. बाहेरच्यांची गर्दी फार झालीय, दादा." "अरे, तू काय तिथं उगवलास? आई तुझ्याकडे. जर्मन पासपोर्टवर मी तिकडे नोकरी धरणार होतो, तिच्याजवळ राहायला. आता मीच बाहेरचा!" "दहा वर्षं कुणी अडवलं होतं? तिचं सगळं मीच करतोय ना?" "चालता हो!" यजमान ओरडले. दीर उष्ट्या हातानं उठले, बॅगेकडे वळले. सरलानं घास खाली ठेवला. "भाऊजी, पानावरून उठू नका," म्हणाली आणि स्वतः उठली. दीर परत पानावर बसले. दोघांनी पानं संपवली. आईचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.