अपेक्षेचा रकाना

"बाबा, या जुन्या कॉम्प्युटरवरून तुमचा हयातीचा दाखलासुद्धा देता येत नाही. आज नवी सिस्टीम टाकूनच जाते मी," मुलगी म्हणाली.

"त्यात आईचं वधूवर मंडळ चालेल?"

"नाही हो. तिचा प्रोग्राम फार जुना. आणि आई गेल्यापासून कोण लग्नं जुळवतंय इथे, तुम्ही?"

मुलगी चहा टाकायला गेली, तसा मोरेश्वररावांनी शेवटचं म्हणून तो प्रोग्राम उघडला. कॉम्प्युटर शिकताना सरावासाठी बायकोने पहिल्या दोन नोंदी त्या दोघांच्याच केल्या होत्या. त्यांनी त्या कधी वाचल्या नव्हत्या. तिच्या नोंदीत अपेक्षेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'शिक्षण, पगार कितीही चालेल. संध्याकाळी घरी आल्यावर तुझा दिवस कसा गेला, असं विचारणारा हवा.'

मोरेश्वरराव आठवू लागले. अडतीस वर्षांत घरी आल्यावर त्यांनी चहा मागितला होता, पेपर मागितला होता. हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

मुलगी कप घेऊन आली. "करू का सुरू?"

त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"थांब जरा. आधी हिला एक विचारू दे."