भरवशाचं मतदान

बिल्डिंग कुठल्या बिल्डरकडे रिडेव्हलपमेंटला द्यायची, यावर मुलुंडच्या एका सोसायटीत पुन्हा मतदान होतं. मागच्या खेपेला मतांत घोळ झाला होता आणि मालनकाकूंचं आता मतदानावरून मनच उडालं होतं. म्हणून सेक्रेटरी सुयोग स्वतः त्यांच्या घरी आला.

"काकू, ह्या वेळी मतदान फोनवरून, ब्लॉकचेनवर आहे. मत एकदा नोंदलं की मी काय, चेअरमन काय, कोणालाच बदलता येत नाही. आता कोणावर भरवसा ठेवायची गरजच नाही ना."

काकूंना हायसं वाटलं. भरवसा ठेवून ठेवूनच तर त्या थकल्या होत्या. कोणता बिल्डर हवा, ते त्यांनी कधीचं ठरवलं होतं. त्या चष्मा शोधू लागल्या.

"राहू दे, तुम्हाला नाही जमायचं," म्हणत सुयोगने स्वतःच्या फोनवर त्यांचं नाव उघडलं. "तुमच्या फोनवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा."

सवयीने काकूंनी सांगून टाकला. त्याने बटण दाबलं.

"झालं. आता ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाही."

"कोणाला दिलंस रे माझं मत?"

सुयोग चपला घालत म्हणाला, "मतदान गुप्त असतं, काकू."