उशिरा शिवलेला कावळा

ज्याला वेळेत उत्तर देता येत नाही त्याची या युगात कुणी वाट बघणार नाही, असं नागनाथचं ठाम मत होतं. हे मत त्यानं मांडलं तेव्हा तो सोनपेठजवळ गोदावरीच्या काठी, नुकत्याच भादरलेल्या डोक्यावर ओला पंचा टाकून, एका कावळ्याची वाट बघत उभा होता.

वडिलांचा, दिनकररावांचा, दहावा होता. पिंड मांडून उन्हं डोक्यावर आली तरी कावळा बाभळीवरून हलेना.

"अण्णांचं तसंच होतं," चुलतभाऊ बजरंग म्हणाला. "सकाळी चहा घेता का म्हणून इचारावं, तर दुपारी ताटावर बसल्यावर म्हणायचे, घेतो की."

लोक हसले. मग कुठं उभे आहोत ते आठवून गप्प झाले.

नागनाथला हा प्रकार नवा नव्हता. पुण्याच्या कंपनीत त्याचं कामच ते होतं. एक यंत्र दूरच्या दुसऱ्या यंत्राला काहीतरी विचारतं आणि आपल्या कामाला लागतं. उत्तर सवडीनं येतं. किती वाट बघायची आणि कधी टाइमआउट म्हणून नाद सोडायचा, हे नागनाथ ठरवायचा. उशिरा आलेलं उत्तर भलत्याच प्रश्नाच्या पदरात पडू नये म्हणून प्रत्येक प्रश्नाला तो खुणेचा नंबर बांधायचा. यात त्याची कधी चूक झाली नव्हती.

"कशात जीव अडकलाय ते बोला," गुरुजी म्हणाले.

बजरंगनं हात जोडले. "अण्णा, बांधाचं भांडण मी मिटवतो."

कावळ्यानं मान फिरवली.

थोरली चुलती सरजाबाई पुढं झाली. "भावजी, नर्मदेला आमी अंतर देणार न्हाई."

कावळ्यानं चोच फांदीला घासली.

जरा बाजूला बसलेल्या नर्मदाबाईनंही पदर ओढून ओठ हलवले. नागनाथची आई काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही. नवरा गेलेल्या बाईला कुणी विचारलंही नाही. कावळा ढिम्म.

"टाइमआउट," नागनाथ पुटपुटला.

गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढला आणि दर्भाचाच कावळा वळायला घेतला. खरा आला नाही तर यावर भागवायचं, शास्त्रात सोय आहे. नागनाथला शास्त्राचं कौतुक वाटलं. एवढ्या सोयीसाठी त्याच्या कंपनीनं महिनाभर बैठका घेतल्या असत्या.

"लेकरा, तूच राहिलास की," सरजाबाई म्हणाली. "एकुलता एक तू. बोल काहीतरी."

बोलायचं म्हणून नागनाथ बोलला, "अण्णा, पुणं सोडतो. हितंच राहतो, आईपाशी."

वाक्य पुरतं व्हायच्या आत फडफड झाली. कावळा पिंडावर होता.

बजरंग रडायलाच लागला. गुरुजींनी अर्धा वळलेला कावळा पिशवीत टाकला. "तुझ्यात जीव होता बघ त्यांचा."

नागनाथच्या अंगावर काटा आला. पुण्यात त्याच्या हाताखाली नुकतीच चार माणसं आली होती. शिवाय तिथं दार उघडलं की 'कुठं निघालास' म्हणून कुणी विचारत नव्हतं. ते सगळं एका वाक्यात गेलं, आणि वाक्याला सगळा गाव साक्षीदार होता.

तरी त्यानं चालढकल करून पाहिली. घरात बसून लॅपटॉप उघडला की पत्र्यावर टकटक सुरू व्हायची. बाहेर येऊन बघावं तर कावळा. परत आत जावं, तर पडवीतली अण्णांची रिकामी बाज करकरायची, आणि पाठोपाठ बारीक खोकला.

"मांजर असंल," आई म्हणायची.

घरात मांजर नव्हतं.

"आई, अण्णा काय म्हणायलेत गं?" एकदा त्यानं न राहवून विचारलं.

"त्येंनी सांगायचं ते सांगितलं," ती म्हणाली आणि लोणच्याची बरणी भरत राहिली.

शेळी तिनं सरजाबाईला देऊन टाकली होती. जातं शेजारच्या कमलबाईकडं गेलं. आई विरक्त होत चालली म्हणून नागनाथचं मन आणखीच भरून आलं. शेवटी त्यानं राजीनामा पाठवला. कंपनीचं उत्तर मात्र तत्काळ आलं. मंजूर.

त्या दुपारी पत्रा वाजला नाही. बाजही गप्प होती. अण्णा सुटले, असं म्हणून नागनाथनं डोळे पुसले आणि तो चुलीपाशी जाऊन बसला.

"आई, नोकरी सोडली. आता कायमचा हितंच."

बरणीला फडकं बांधणारा आईचा हात थांबला. "का रं?"

"का म्हंजे? माझ्या बोलण्यावर कावळा शिवला न्हाई का?"

नर्मदाबाईनं फडक्याची गाठ आवळली.

"तुझ्या आधी मी इचारलं होतं त्येंला," ती म्हणाली. "जलम ह्या चुलीपुढं गेला, आता तरी पोरापाशी पुण्याला जाऊ द्या म्हणून. त्येंचं उत्तर कदी लगेच आलंय का?"

तिनं बरणी पिशवीत नीट उभी ठेवली.

"एसटीत तेवढी खिडकीपाशी जागा धर. मला मळमळतं."