मागचा परवा, पुढचा परवा

स्वानंद आणि मी कमांड टाइप करून चालवायचं मराठी कॅलेंडर बनवत होतो. तारखेऐवजी 'आज', 'उद्या' लिहिलं तरी त्याला कळायचं. 'परवा'पाशी मात्र गाडी अडली. मागचा धरायचा की पुढचा?

"काही सांगितलं नाही तर पुढचा," स्वानंद म्हणाला. "झालेल्या गोष्टी कॅलेंडरात कोण लिहितं?"

"मी लिहिते," म्हणत मी हट्टाने मागचा ठेवला आणि तपासायला टाइप केलं: परवा, आईकडे जेवण. आज बुधवार, नोंद सोमवारी पडली.

आईकडे मी आठ महिन्यांत फिरकले नव्हते. ती खोटी नोंद बघवेना, म्हणून तिथूनच फोन लावला. "आई, परवा जेवायला येते गं."

"परत?" ती हसली. "परवाच तर जेवून गेलीस. तुझा निळ्या झाकणाचा डबा इथेच राहिलाय."

डबा सोमवारपासून सापडत नव्हता. स्वानंद काहीतरी विचारत होता, मला ऐकू येईना.

"एक विचारू?" आई हळूच म्हणाली. "निघताना दारातून परत आलीस आणि गळ्यात पडून एवढी का रडलीस गं? शेवटची भेट असल्यासारखी."